जमीन दिसेनाशी होते तेथील पाणी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. पत्नी होती तोवर तिच्याजवळ नाही, आणि देवापुढे रोज दोन वेळा बसतो, तेथेही नाही. आचमनासाठी तळहातावर पाणी घेतले की ती गोष्ट समोर येते. मी पाणी पितो, पुढचा मंत्र म्हणतो, आणि ती तेथेच बसून राहते. असे किती दिवस चालावे? आता ऐंशी ओलांडली. आवाज बसला, पाठांतर गळू लागले. जे विसरायला हवे ते तेवढे लख्ख आहे. आपली माझी ओळख नाही, म्हणून कदाचित आपल्याला सांगता येईल. मध्ये थांबलो तर थोडा धीर धरावा.

आमचे गाव निलंग्यापासून पुढे, कर्नाटकाच्या सीमेला लागून. वडिलांनी मला मुंज होताच पाठशाळेत घातले. पुढे मी गावच्याच हायस्कुलात संस्कृत शिकवले आणि गावातल्या महादेवाची पूजाही माझ्याकडे होती. समुद्राला संस्कृतात किती शब्द आहेत, हे मी मुलांकडून घोकून घेत असे — सागर, सिंधू, अर्णव, जलधी, रत्नाकर. एक शब्द चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. समुद्र मात्र मी स्वतः पाहिलेला नव्हता. पाहण्याची गरज आहे, असेही कधी वाटले नव्हते.

किसन माझा विद्यार्थी. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला, त्याच्या वडिलांच्या पिढीने बौद्ध धर्म स्वीकारलेला होता. वर्गात संस्कृतात तो नेहमी पहिला. ‘माझा किसन’ असे मी चारचौघांत अभिमानाने म्हणत असे. माझ्या घरी मात्र तो ओसरीच्या पायरीपर्यंतच येई. त्याला कोणी अडवले नव्हते — मी ‘आत ये’ म्हणालो नव्हतो, एवढेच. शिकून तो सरकारी नोकरीत गेला, काही वर्षे कोकणात मालवणच्या बाजूला कारकून होता, आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा बदली मागून इकडे परत आला. त्याची आई सोजरबाई वस्तीतल्या घरी एकटीच असे.

तो काळ आपण पाहिला असेल, नसेल. जिल्हा नवा, कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, दारावरच्या पाट्यांचा रंग ओला. आणि पावसाचा पत्ता नाही. तिसरे कोरडे वर्ष होते ते. विहिरींत उतरून माणसे वाटीने पाणी भरत. आमच्या गावाचा टँकरचा अर्ज किसननेच लिहिला आणि टेबला-टेबलावरून स्वतः पुढे नेला. टँकर आला त्या दिवशी तो मला म्हणाला होता, “गुरुजी, जिल्हा तर आला. पाणी मागून यायलंय.”

आमच्याकडे पाऊस रुसला की महादेव कोंडतात. गाभाऱ्यातले पाणी बाहेर जाते ते गोमुख मातीने लिंपून बंद करायचे, उंबऱ्याला मातीचा बांध घालायचा, आणि घराघरातून आणलेले पाणी ओतत राहायचे — पिंड पूर्ण बुडेपर्यंत. मग दार लावून घ्यायचे. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो, अशी भोळी समजूत. त्या वर्षी गावाने कोंडायचे ठरवले, आणि मला विचारायला आले.

येथे माझ्या विद्वत्तेला चेव आला. मी म्हणालो, पहिला कलश समुद्राचा हवा. मेघ समुद्रातून उठतात, तेव्हा निमंत्रण तेथूनच आणले पाहिजे. तेही किनाऱ्याचे पाणी नको, त्यात नद्यांचे पाणी मिसळलेले असते. जमीन दिसेनाशी होते तेथील पाणी हवे. असे कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्याच नाही. मला सुचले आणि मी बोललो. सभामंडप शांत झाला होता, सारे माझ्या तोंडाकडे पाहत होते — तो क्षण मला फार आवडला. त्याच भरात मी आणखी एक बोललो. वस्तीवरचे पाणी घ्यायचे की नाही, असे कोणी हळूच विचारले, तेव्हा मी म्हणालो, “पाण्याला घर नसते. सगळ्यांचे घ्या.” हे वाक्य मात्र खरे होते. गावाने ते मानले. त्या गाभाऱ्यात सोजरबाईच्या घागरीचे पाणी पडणार होते, पहिल्यांदाच.

समुद्र पाहिलेला माणूस गावात एकच. किसनने चार दिवसांची रजा टाकली. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता; तसे तो मला स्पष्ट म्हणालाही. “पण माय म्हणती, गुरुजी एकले कसे जातील? अन् पाणी तर समद्यालाच पाहिजे.” एस.टी. बदलत बदलत आम्ही दीड दिवसाने मालवणच्या अलीकडच्या एका छोट्या बंदरावर पोचलो. माझ्या पिशवीत सोवळे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मांडीवर तांब्याचा कलश. वाटेत कलशाला आपला धक्का लागू नये म्हणून किसन माझ्यापासून वीतभर सरकून बसत असे. मी ते पाहिले होते. तसेच राहू दिले.

त्याच्या ओळखीच्या तांडेलाची — म्हणजे होडीच्या प्रमुखाची — होडी सकाळी मासेमारीला निघून दुपारी परत येणार होती. अर्ध्या दिवसाचाच प्रवास. खास पाण्यासाठी कोण जाणार? आम्ही त्यांच्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी बसलो. मी सोवळे नेसून, कपाळाला भस्म लावून, कलश छातीशी धरून. खलाशी एकमेकांकडे पाहून हसत होते. होडीला माशांचा वास इतका होता की मी नाकाला उपरणे लावले. तांडेल म्हणाला, “भटानू, उभे रवू नकात, खाली बसा. दर्यो माणसाक खायना नाय.” समुद्र माणसाला खात नाही, असा किसनने मला त्याचा अर्थ सांगितला, आणि तो खरोखर आनंदात होता — किनाऱ्याकडे बोट दाखवून झाडे, देवळे, खडक ओळखून दाखवत होता.

तासाभराने मी मागे वळून पाहिले तर किनारा नव्हता.

आपण कधी असे पाहिले आहे का? आमच्या मुलखात माणूस कोठेही उभा राहिला तरी एखादे शिखर, एखादे लिंबाचे झाड, टेकाड — काहीतरी दिसते, आणि त्यावरून आपण कोठे आहो हे कळते. तेथे काहीच नव्हते. चारी बाजूंना तेच, आणि ते हलत होते. ज्याचे मी एवढे शब्द पाठ करवून घेतले, त्याला त्यातल्या एकाही शब्दाची ओळख नव्हती. मी ओरडलो — होय, ओरडलो — की होडी वळवा, जमीन दिसत नाही.

“गुरुजी,” किसन म्हणाला, “तुमीच म्हणला व्हता ना, जमीन दिसू नये.”

खलाशी मोठ्याने हसले. तो हसला नाही.

मी कलश भरण्यासाठी काठावरून वाकलो. पाणी एकदम वर आले, मग एकदम खाली गेले, आणि मला वाटले की ते मला ओढते आहे. हातातून कलश सुटला. तो पाण्यात पडला नाही, आत पडला, आणि पायाशी तडफडणाऱ्या बांगडा माशांमध्ये घरंगळत गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही. मी जाळ्यांवर पालथा पडलो, एक दोर दोन्ही हातांनी धरला, आणि मला उलट्या होऊ लागल्या. सोवळ्याला माशांचे खवले चिकटले होते. मंत्र? एकही आठवला नाही. आयुष्यभर जे ओठांवर होते त्यातले एक अक्षर त्या वेळी आले नाही. आठवण झाली ती फक्त आईची.

किसनने कलश उचलला. समुद्राच्या पाण्याने तीनदा धुतला — मी मुलांना पूजेची भांडी धुण्याची जी रीत शिकवली होती, तशीच. तांडेलाने त्याला कमरेला धरले आणि तो अर्धा बाहेर वाकला. माझ्याकडे मान वळवून म्हणाला, “गुरुजी, मंतर म्हणता का?” मी नुसती नकाराची मान हलवली. तेव्हा तो स्वतःच म्हणू लागला — सागर, सिंधू, अर्णव, जलधी, रत्नाकर — वर्गातल्यासारखे, ओळीने, न चुकता. एवढ्यात लाट आली. त्याचे कपाळ होडीच्या काठावर आपटले, भुवईवर खोक पडली, रक्त नाकावरून ओघळले. कलश त्याने वर धरलेला होता. त्यातले पाणी सांडले नाही.

“तोंडी परीक्षा झाली माझी,” तो म्हणाला. “किती मार्क?”

मी दोर धरून तसाच पालथा पडून राहिलो.

परतताना, किनाऱ्याची रेघ दिसू लागली तेव्हा, त्याने कलशाचे तोंड फडक्याने बांधले, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, “हे आपल्या दोघांतच राहू द्या. गावात सांगायचं, तुमीच भरला. न्हाई तर तुमच्या लोकांना चालायचं न्हाई, अन् एवढ्या लांब येऊन वाया जाईल.” भुवईच्या जखमेबद्दल कोणी विचारले तर बसमध्ये लागले म्हणू, असेही त्यानेच ठरवले. मी ‘बरे’ म्हणालो. मला हलके वाटले, हे लपवत नाही. तो मला माझी लाज झाकायला वस्त्र देत होता, आणि मी ते घेतले.

येथपर्यंतचे मी कदाचित दुसऱ्या कोणाला सांगू शकलो असतो. भित्रेपणा माणसाला होतो. पुढचे सांगायला मी चाळीस वर्षे घेतली.

गावात वाजतगाजत कलश आला. मी स्वहस्ते भरला, समंत्रक भरला, असे मी सांगितले. लोकांनी माझ्या पायांवर डोकी ठेवली. पिंडीवर पहिली धार समुद्राची पडली, मग घराघरातल्या घागरी. सोजरबाईने आपली घागर ओतली आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेला. पिंड बुडाली. दार लावले.

आठ दिवस गेले, दहा गेले. आभाळ कोरडेच.

मग कुजबुज सुरू झाली. त्या सोमवारी सभामंडपात गाव जमले. शिवलिंगअप्पा आमच्या गावचे किराणा दुकानदार, मोठे शिवभक्त, मनाने वाईट माणूस नव्हे. ते हात जोडून म्हणाले, “गुरुजी, राग मानू नका. लोकं बोलायलेत. तुमच्यासंगं किसन व्हता. त्या कलशाला त्याचा हात लागला का?”

मागून म्हातारे लक्ष्मणतात्या ओरडले, “अप्पा, ढग काय जात इचारून येतात व्हय? हात लागला तर लागला!”

निम्मा गाव हसला. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. आपल्याला सांगतो, त्या हसण्याने माझ्यापुढे वाट मोकळी केली होती. मी तेव्हा खरे बोललो असतो तर अप्पा चार दिवस रुसले असते, तात्यांनी माझी उलट्यांवरून थट्टा केली असती, आणि गोष्ट तेथे संपली असती. एवढेच होते ते. प्राण जाणार नव्हते, पूजाही जाणार नव्हती. जाणार होता तो माझ्या पायांवर ठेवलेल्या डोक्यांचा मान.

किसन पायऱ्यांपाशी लिंबाखाली उभा होता. भुवईवरची खपली अजून निघालेली नव्हती. तो माझ्याकडे पाहत होता. त्याने शब्द दिलेला होता, आणि तो शब्द मोडण्याचा अधिकार फक्त मला आहे असे तो समजत होता. म्हणून तो गप्प होता. मी बोलेन याची वाट पाहत होता.

मी बोललो. ते वाक्य मला अक्षरशः आठवते, कारण ते मी फार नीट रचले होते. “कलश मी स्वहस्ते भरला. परतताना मात्र मला क्लेश होत होते, मी डोळे मिटून पडलो होतो. त्या अवधीत कलशाला कोणाचा स्पर्श झाला असल्यास तो मला ज्ञात नाही.”

पाहा त्या वाक्याकडे. किती स्वच्छ आहे. कोणाचे नाव नाही, कोणावर आरोप नाही. उद्या कोणी विचारले असते तर मी म्हणालो असतो की मी किसनबद्दल काहीच बोललो नाही. इतक्या वर्षांच्या अध्ययनाने मला एवढे साधले होते — एका माणसाला बुडवायचे आणि हात कोरडे ठेवायचे.

सगळ्या माना लिंबाकडे वळल्या. आता तो चोरून शिवणारा झाला होता. जे त्याने होडीवर सर्वांसमक्ष, रक्त सांडून केले ते गावाच्या लेखी मी केले होते. आणि जे त्याने कधीच केले नाही ते त्याने केले होते. तात्याही गप्प झाले. किसनने चपला घातल्या आणि ओढ्याच्या वाटेला लागला.

गोमुखाची माती काढली. घराघरातून पोटाला चिमटा घेऊन दिलेले ते पाणी बाहेर सोडले, गुरांना पाजले, आणि पुन्हा कोंडायचे ठरले. या वेळी समुद्र नको, असे मीच सांगितले.

दुसऱ्या खेपेला सोजरबाई पुन्हा घागर घेऊन आली. डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर, कडक ऊन, अनवाणी पाय. अप्पा पायरीवर आडवे आले. “सोजरबाई, ह्या बारीला ऱ्हाऊ द्या.”

“का वं, अप्पा? माझं पाणी कडू हाय का?”

अप्पांनी मान खाली घातली. तेव्हा तिने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिले, गाभाऱ्याच्या दाराशी मी होतो तेथे. “गुरुजी, तुमीच म्हणला व्हता ना — पाण्याला घर नसतंय?”

मी घंटा वाजवली.

तिला ऐकूच आले नाही, असे मला दाखवायचे होते; आणि तिचा पुढचा शब्द मला ऐकू येऊ नये म्हणून मी वाजवत राहिलो. थांबलो तेव्हा ती वळली होती. त्या वर्षी कोणी पाणी रागानेही सांडत नसे. ती भरली घागर तशीच डोक्यावर घेऊन, तोल सांभाळत, चढाच्या वाटेने परत गेली. तिच्या मागे जमिनीवर एक थेंब पडलेला नव्हता. मी नंतर जाऊन पाहिले होते.

चौथ्या दिवशी पाऊस आला. आणि त्या पावसाने माझे खोटे पक्के केले. आता गावाला पुरावा मिळाला होता. मी तरी कसा म्हणणार होतो की पावसाला यातले काही माहीत नाही?

किसनने त्याच पावसाळ्यात भोकरकडे बदली मागून घेतली. आईला घेऊन निघाला त्या सकाळी तो निरोप घ्यायला आला आणि पायरीशी थांबला. त्या दिवशी मी प्रथमच म्हणालो, “किसन, आत ये.”

“न्हाई गुरुजी, बस सुटंल,” तो म्हणाला. वाकून पायरीला हात लावला आणि गेला. पुन्हा आमच्या गावी आला नाही. सोजरबाई भोकरलाच वारली, असे कळले.

गेल्या वर्षी त्याचा मुलगा आला. चाळिशीच्या आसपासचा गृहस्थ, शाळेत मुख्याध्यापक. वडील वारल्याचे सांगायला आला होता; गुरुजींना कळवा, असे ते जाण्यापूर्वी म्हणाले होते म्हणे. मी त्याला आत बसवले, पाणी दिले. तो भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे पाहत म्हणाला, “बाबा तुमची फार आठवण काढायचे. समुद्रावर गेला होता ना तुम्ही दोघं? ते सांगायचे, दर्या खवळला होता पण आमच्या गुरुजींनी वाकून स्वतःच्या हातानं कलश भरला. कपाळाची खूण दाखवून म्हणायचे, मला मात्र बसमध्ये बसल्या बसल्या लागलं.” आणि तो हसला, वडिलांसारखाच.

किसनने आपल्या मुलांनाही सांगितले नव्हते. ज्याच्या आड मी लपलो तो शब्द तो शेवटपर्यंत पाळत होता.

त्या वेळी तरी मी बोललो का? समोर त्याचा मुलगा, हातात मी दिलेला पेला, घरात दुसरे कोणी नाही. मी म्हणालो, “किसन फार हुशार होता.” आणि त्याला फाटकापर्यंत पोचवून आलो.

तो कलश अजून देव्हाऱ्यात आहे. त्याच्या गळ्याशी एक पोचा आहे, होडीत पडला तेव्हाचा. रोज सकाळी चिंचेने घासताना बोट तेथे जाते.

त्या सोमवारी सभामंडपात मला एकच वाक्य बोलायचे होते. त्याला रचना लागत नव्हती, अध्ययन लागत नव्हते. ते आज आपल्यापुढे बोलतो.

मी भ्यालो होतो. कलश किसनने भरला.